वाळवणाच्या आगाऊ ऑर्डरी आणि स्टॉकचा मेळ: नाशिकमधल्या मखमलाबादच्या गच्चीवरच्या नोंदी, फेब्रुवारी ते जून 2025

आई आणि मावशी गव्हाच्या कुरडया, नागलीचे पापड आणि उडदाचे पापड करतात. ऑनलाइन दुकान मी सांभाळते. मागच्या वर्षी आधी माल केला आणि मग विकला. मार्चमध्ये माल पडून राहिला आणि एप्रिलच्या मध्यावर संपला. त्यामुळे यंदा आधी ऑर्डर घ्यायची, मग माल करायचा असं ठरवलं. असं करू पाहणाऱ्या कोणालाही उपयोग व्हावा म्हणून रोजच्या वहीतल्या नोंदी इथे उतरवल्या आहेत. भर कुरडयांवरच आहे, कारण सगळा घोळ त्यांच्यातच झाला.

8 फेब्रुवारी, शनिवार

दुकान वूकॉमर्सवर, म्हणजे ऑनलाइन दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. प्री-ऑर्डर घ्यायची म्हणजे स्टॉक शून्य ठेवून 'बॅकऑर्डर' (माल नसतानाही ऑर्डर घेण्याची सोय) चालू करायची, अशी माझी समजूत होती आणि तसंच केलं. संध्याकाळी दादाने चाचणी म्हणून 900 पाकिटांची ऑर्डर टाकली आणि ती बिनतक्रार गेली. बॅकऑर्डरला वरची मर्यादा नसते. स्टॉक उणे होत जातो आणि दुकान विकत राहतं.

बॅकऑर्डर बंद केली. आता जितकी पाकिटं करून देऊ शकतो तोच आकडा स्टॉकच्या रकान्यात घालायचा आणि तो शून्यावर आला की विक्री आपोआप थांबू द्यायची. वर्णनात पहिल्याच ओळीत ठळक लिहिलं: 'माल अजून तयार नाही, आखाजीच्या आत मिळेल.' आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, यंदा ती 30 एप्रिलला आहे.

कॅश ऑन डिलिव्हरी प्री-ऑर्डरला बंद ठेवली. मागच्या वर्षी दारातून परत आलेल्या पार्सलांतल्या कुरडया दोनदा प्रवास करून चुरा होऊन आल्या होत्या. शिवाय दोन महिने आधी नुसत्या शब्दावर नाव लिहिणाऱ्यासाठी गहू भिजत घालणं परवडत नाही.

आकडा 400 ठरवला, अर्ध्या किलोची 400 पाकिटं. हिशोब असा: 28 किलो गव्हाच्या 13 किलो कुरडया होतात, म्हणजे 200 किलोला 430 किलो गहू लागेल. तेवढा लोकवन दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डातून 34 रुपये किलोने मिळतोय. आई म्हणाली, "गव्हाचं काय घेऊन बसलीस, आधी गच्चीवर मावतात किती ते मोज." मी मोजलं नाही.

16 फेब्रुवारी, रविवार

दुकान उघडलं. पाव किलो, अर्धा किलो आणि एक किलो असे तीन पर्याय ठेवले. तिन्हींचा ढीग एकच, म्हणून स्टॉकही मूळ उत्पादनावर एकत्र ठेवला, 400.

20 फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवसांत पाव किलोचे 38, अर्ध्याचे 61 आणि किलोचे 44 नग गेले. दुकान म्हणतंय 257 शिल्लक. वजनाने मोजलं तर 84 किलो गेलं आहे, म्हणजे अर्ध्या किलोची 168 पाकिटं, आणि शिल्लक आहेत 232. एकत्र स्टॉकमधून प्रत्येक विक्रीला एकच नग वजा होतो, मग तो पाव किलोचा असो की किलोचा. सेटिंग करताना हे मी तपासलं नव्हतं. चार दिवसांत 25 पाकिटांचा फरक पडला. आठवडाभर लक्षात आलं नसतं तर निस्तरता आलं नसतं.

वजनाप्रमाणे स्टॉक वजा करणारं प्लगइन घेता आलं असतं. त्यापेक्षा दोन पर्याय काढून टाकले. आता फक्त अर्धा किलो, किलो हवा असेल तर दोन नग घ्या. पाव किलो मागणाऱ्या तिघींनी नाराजी कळवली, ती रास्त आहे. एकट्या राहणाऱ्या बाईला अर्धा किलो कुरडया वर्षभर पुरतात. तरीही एकाच ढिगाला एकच माप ठेवल्यावर माझा रात्रीचा मेळ पाच मिनिटांत लागायला लागला. आधी त्याला पाऊण तास जायचा.

24 फेब्रुवारी, सोमवार

आईच्या वहीत फोनवरून घेतलेली 46 पाकिटं सापडली. त्यातली एकही दुकानात नोंदलेली नव्हती. दुकानातून 236 गेली आहेत, म्हणजे एकूण 282.

वही बंद करायला सांगण्यात अर्थ नाही. जुन्या ओळखीच्या काकूंना वेबसाइटवर जा म्हणणं आईला जमणार नाही आणि ते बरंही दिसत नाही. म्हणून असं ठरवलं की वहीतल्या प्रत्येक ओळीची मी त्याच रात्री दुकानात हाताने ऑर्डर करायची आणि तिचा नंबर वहीत लाल पेनाने लिहायचा. लाल नंबर नसलेली ओळ म्हणजे ऑर्डर नाही. आणि 400 चे तीन भाग केले: दुकानाला 320, फोनला 50, राखीव 30. राखीव भाग फुटतुटीसाठी आहे, त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. पुढे लावावा लागला.

2 मार्च, रविवार

एका ताईंचे 5 पाकिटांचे पैसे खात्यातून गेले, पण इकडे ऑर्डर रद्द. पैसे न आलेल्या ऑर्डरसाठी स्टॉक 60 मिनिटं धरून ठेवण्याचं सेटिंग मुळात असतंच. पैसे पोहोचल्याचा निरोप त्यानंतर आला, तोवर ती पाकिटं दुसरीकडे विकली गेली होती. राखीवमधून दिली. वेळ 180 मिनिटं केली. पूर्ण दिवसाची करून पाहिली होती, पण मग अर्धवट सोडलेल्या ऑर्डरीच स्टॉक अडवून बसतात. रोज रात्री दहाला अडकलेल्या ऑर्डरी हाताने तपासते.

11 मार्च, मंगळवार: पहिला घाणा

शुक्रवारी 28 किलो गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं. काल संध्याकाळी वाटून चीक गाळला आणि रात्रभर निवळत ठेवला. पहाटे साडेचारला वरचं पाणी ओतलं, आधण चढवलं. पाच बायका, शिवाय आई आणि मावशी. चीक हाटायला दोघी, सोऱ्या दाबायला दोघी, बाकीच्या पातेली उचलायला. अकराला गच्ची भरली. 3 मीटर बाय 2 मीटरचे चार प्लास्टिकचे कागद, एकेका कागदावर साधारण 260 कुरडया.

आईचं म्हणणं तेव्हा पटलं. गच्चीवर पाचवा कागद मावतच नाही, पाचव्या जागेवर पाण्याची टाकी आहे.

14 मार्च, शुक्रवार

घाणा उतरवला. वाळायला अडीच दिवस लागले. वजन 12.4 किलो, त्यातला 0.9 किलो चुरा. विकण्याजोग्या 11.5 किलो, म्हणजे 23 पाकिटं. मी 26 धरली होती.

आता खरा हिशोब: एका गच्चीवर आठवड्याला दोन घाणे, म्हणजे 46 पाकिटं. आखाजीच्या आधी पोहोचवायचं तर हातात सहा आठवडे, म्हणजे 276. आणि आजपर्यंत विकली आहेत दुकानातून 290 आणि फोनवर 62, मिळून 352. म्हणजे 76 पाकिटं अशी विकली आहेत जी या गच्चीवर होऊच शकत नाहीत. गहू मात्र खोलीत छतापर्यंत रचून ठेवलाय.

गहू किती आहे यावरून मी 400 म्हटलं होतं. खरी अडचण गच्चीवरच्या जागेची आणि उन्हाच्या दिवसांची. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी दुकान उघडण्याआधी एक घाणा पूर्ण करून तो तराजूवर घालावा. मला त्याला एक आठवडा आणि तीन-साडेतीन हजार रुपये लागले असते. त्याऐवजी पुढचे दोन महिने मी लोकांना फोन करत बसले.

आज केलेलं:

दुकानातला स्टॉक शून्य केला. शेजारच्या काकूंची गच्ची मागितली, त्यांनी लगेच हो म्हटलं. बदल्यात त्यांच्या कुरडया आपल्या घाण्यात करून द्यायच्या. भांडीबाजारातून एक पितळी सोऱ्या आणि मेन रोडवरून चार कागद आणले, 2,750 रुपये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'आखाजीच्या आत' हे एकच आश्वासन मोडून त्याचे पाठवणीचे आठवडे पाडले: 24 मार्च, 7 एप्रिल, 21 एप्रिल, 5 मे. दुकानात प्रत्येक आठवडा हे वेगळं उत्पादन, त्याचा स्टॉक वेगळा. त्या आठवड्यापर्यंत जेवढी पाकिटं होतील असं वाटतं त्याच्या 80 टक्केच आकडा धरला. दोन गच्च्या मिळून पहिल्या तीन आठवड्यांत अनुक्रमे 73, 92 आणि 110 बसतात, एकूण 275. उरलेली 77 मे महिन्यात.

17 मार्च, सोमवार

तीन दिवसांत मिळून नऊ तास फोनवर गेले. ऑर्डर नंबरप्रमाणे आठवडे वाटले आणि शेवटच्या 77 पाकिटांच्या गिऱ्हाइकांना विचारलं, मे चालेल का? 30 पाकिटांना होकार आला, 47 ना नकार. लेकी आखाजीला माहेरी येतात, परत जाताना त्यांच्या पिशवीत कुरडया जायला हव्यात, हेच बहुतेकींचं म्हणणं. ती 47 आखाजीच्या आधीच्या आठवड्यांत कोंबली. म्हणजे 275 च्या जागी 322. वीस टक्क्यांची सोय केली होती ती अशी बरीचशी लगेच संपली.

एका काकूंनी फोनवर विचारलं, "अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी चूक कबूल केली. त्यांनी ऑर्डर ठेवली.

26 मार्च, बुधवार

पुण्याहून फोटो आले. पाकिटात कुरडया मऊ पडल्यात, तळल्यावर मधे कच्च्या राहतात. पहिल्या घाण्याचा माल उन्हातून उतरवला त्याच संध्याकाळी सील केला होता. कुरडई वरून वाळली तरी जिथे शेवया एकमेकींवर चढतात तिथे ओल राहते. ती पाकिटात सगळीकडे पसरते.

6 पाकिटं परत मागवून पुन्हा दोन दिवस उन्हात घातली. आता उतरवलेला माल तीन दिवस पत्र्याच्या डब्यात सैल ठेवतो, मग प्रत्येक डब्यातल्या तळाच्या दोन कुरडया मोडून आणि तळून बघतो. मोडताना कट्कन आवाज यायला हवा. लवली तर पुन्हा ऊन.

हिशोबाच्या शीटमध्ये चार रकाने झाले: विकली, उन्हात, डब्यात, पाकिटात. आधी दोनच होते, विकली आणि झाली. 'झाली' हा रकाना फसवा होता. आई गच्चीवरून उतरवल्यावर 'झाली' म्हणायची, मी सील केल्यावर, आणि दादा गाडीवर टाकल्यावर. आता कुरिअरला फक्त चौथ्या रकान्यातलीच पाकिटं सांगायची.

याच दिवशी लेबलांचा घोळही निघाला. फेब्रुवारीतच सगळी लेबलं 'मार्च 2025' छापून घेतली होती. एप्रिलमध्ये भरलेल्या पाकिटावर मार्च लिहिणं चुकीचंच. 340 रुपयांची लेबलं रद्दीत. नवीन लेबलांवर महिन्याची जागा कोरी आणि हाताने शिक्का.

3 एप्रिल, गुरुवार

दुपारी साडेतीनला म्हसरूळच्या बाजूने आभाळ भरून आलं. आमच्या गच्चीवरचा घाणा उचलला, काकूंच्या गच्चीवरचा अर्धाच हाती लागला. सर दहाच मिनिटांची होती. भिजलेल्या कुरडयांना दुसऱ्या दिवशी आंबूस वास आला, रंगही गेला. गुरांना घातल्या.

यानंतर मी जे केलं ती या सगळ्या महिन्यांतली सर्वांत मोठी चूक. घाबरून, कोणाला न विचारता, 9 ऑर्डरी रद्द केल्या, 14 पाकिटांच्या. वाटलं, पैसे लगेच परत दिले की कोणाची तक्रार राहणार नाही. दोन गोष्टी झाल्या.

एक, ऑर्डर 'रद्द' केली की वूकॉमर्स तिचे नग आपोआप स्टॉकमध्ये परत घालतं. भरलेल्या दुकानासाठी ते बरोबरच आहे, कारण तिथे माल फडताळावर असतो. माझी ती 14 पाकिटं फडताळावर नव्हतीच, ती पावसात गेली होती. जुन्या उत्पादनाचा स्टॉक शून्यावरून 14 झाला. त्यात मी 'माल आला की कळवा' अशी सोय ठेवली होती, तिने रात्रीतच वाट पाहणाऱ्या सगळ्यांना मेल धाडला. सकाळी सहापर्यंत 14 च्या 14 पुन्हा विकली गेली होती.

दुसरं, ज्यांच्या रद्द केल्या त्यांचे फोन. पैसे कोणालाच नको होते. "पैशाचं काय करू, कुरडया कुठून आणू आता?" मुंबईच्या एका आजींनी असं विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. 7 ऑर्डरींची 11 पाकिटं मे महिन्याच्या आठवड्यात पुन्हा लिहून घेतली, तीही दुकानाबाहेर, हाताने.

आता क्रम असा लिहून भिंतीवर लावलाय: माल गेला तर आधी शीटमध्ये 'उन्हात'मधून वजा करायचा. मग गिऱ्हाइकाला विचारायचं, थांबता, नागलीचे पापड घेता की पैसे परत? पैसेच हवे असतील तर ऑर्डर 'रद्द' करायची नाही. ऑर्डर उघडून रिफंड करायचा आणि तिथली 'परत केलेले नग स्टॉकमध्ये घाला' ही खूण काढायची. ती आधीपासून टिचकी मारलेलीच असते. शेवटी दुकानातला स्टॉक पुन्हा डोळ्यांनी बघायचा. जुनं उत्पादन आज पूर्ण बंद केलं, 'माल आला की कळवा'ही काढलं.

12 एप्रिल, शनिवार

'आखाजी पेटी' 20 मार्चला टाकली होती: कुरडई, नागली पापड, उडीद पापड एकेक पाकीट, स्टॉक 30. आज लक्षात आलं की पेटीतली कुरडई मी कुठूनच वजा केलेली नाही. 21 पेट्या गेल्यात, म्हणजे कुरडयांची आणखी 21 पाकिटं. पेटी बंद केली. पुढे पेटी ठेवायची तर तेवढी पाकिटं आधी आठवड्याच्या स्टॉकमधून काढून मगच.

पापडांचा त्रास नाही. नागली पेठच्या बाजूची, चांगली आली. नागलीचा पापड एका उन्हात वाळतो, उडदाचा तर सावलीतच. कुरडयांच्या दिवशी उरलेल्या वेळात होतात. पापडाच्या 160 पाकिटांत एकदाही स्टॉक चुकला नाही.

19 एप्रिल, शनिवार

कुरिअरची बिलं आली. 63 पार्सलांवर आपण घेतलेल्या रकमेपेक्षा सरासरी 48 रुपये जास्त, एकूण 3,024 रुपये खिशातून. कारण घनफळी वजन. आमचं कुरिअर लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतं आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा ते जास्त आलं तर त्याचेच पैसे घेतं. माझा खोका 28 × 20 × 14, म्हणजे 1.57 किलो. आत कुरडया अर्धा किलो.

नवीन खोका 27 × 18 × 10, म्हणजे 0.97. एक किलोच्या आत बसतो. कुरडया उभ्या न लावता आडव्या थरात, प्रत्येक थरामध्ये कागद. यात तुटतातही कमी. नाशिकमधली पार्सलं दादा स्कूटरवर पोहोचवतो: एक दिवस गंगापूर रोड आणि सातपूर, एक दिवस सिडको आणि इंदिरानगर, एक दिवस नाशिक रोड.

22 एप्रिल, मंगळवार

25 पाकिटं आखाजीच्या आत होणार नाहीत हे आज स्पष्ट झालं. शेवटच्या दिवसापर्यंत थांबून पाहण्याऐवजी आजच सगळ्यांना फोन केले. आठ दिवस आधी कळल्यावर लोक वेगळं वागतात हे जाणवलं. कोणी दुसरीकडून घेतो म्हणालं, कोणी मेपर्यंत थांबतो म्हणालं, पैसे एकानेही परत मागितले नाहीत. दोन काकूंनी तर ऑर्डर तशीच ठेवून आखाजीपुरत्या बुधवारच्या बाजारातून घेतल्या.

29 एप्रिल, मंगळवार

आजवर 15 घाणे, त्यातला अर्धा पावसात. 334 पाकिटं झाली, त्यातली 318 पोहोचली, 16 डब्यात आहेत. देणं बाकी 66: मेची 41 आणि राहिलेली 25. डब्यातली 16 सोडली तर अजून 50 करायची आहेत.

बायका थकल्यात. आखाजी आणि घरातलं एक लग्न, म्हणून 25 एप्रिलपासून 4 मेपर्यंत सुट्टी दिली.

7 मे, बुधवार

ती सुट्टी चुकली. 25 एप्रिल ते 4 मे कडक ऊन होतं आणि दोन्ही गच्च्या रिकाम्या. 5 तारखेला घातलेला घाणा काल संध्याकाळच्या वादळी पावसात सापडला, पूर्ण गेला. निम्म्या बायकांना सुट्टी देऊन निम्म्यांवर एक घाणा उतरवता आला असता. जिल्ह्यात उघड्यावरचा कांदा भिजलाय, त्यापुढे आपल्या कुरडया काहीच नाहीत, पण गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आपलाच आहे.

11 मे, रविवार

घरात पंख्याखाली दोन किलोचा प्रयोग केला. चौथ्या दिवशीही मधे ओल, आंबूस वास. टाकून दिला.

मावशीने सुचवलं: निफाड तालुक्यात मामाची बेदाण्याची शेड आहे. बेदाण्याचा हंगाम संपलाय, जाळ्यांचे मजले रिकामेच आहेत. वर पत्रा, चारी बाजूंनी वारा, पाऊस आला तर बाजूचे पडदे सोडता येतात. मामाला फोन केला तर तो म्हणाला, "विचारायचं काय त्यात, या."

17 मे, शनिवार

शेडमध्ये पहिला घाणा. द्राक्षं बेदाण्यासाठी ज्या डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात त्याचा वास जाळ्यांना राहतो, म्हणून आधी गरम पाण्याने दोनदा धुतल्या आणि वर धुतलेलं सुती कापड अंथरलं. चीक घरी निवळून रात्री स्टीलच्या डब्यांत नेला, चाळीसेक किलोमीटर. हाटायचं काम तिथेच. शिजवलेला चीक नेता येत नाही, वाटेत घट्ट होतो आणि सोऱ्यातून उतरत नाही.

कापडावर एक अडचण आली: प्लास्टिकवरून कुरडई सहज सुटते, कापडाला चिकटते. पहिल्या मजल्यावरच्या बऱ्याच उलटताना मोडल्या. नंतर कापडावर छिद्रं पाडलेलं प्लास्टिक घातलं. वाळायला चार दिवस लागले. रंग उन्हातल्यासारखा पांढरा नाही, थोडा पिवळसर. तळून तितक्याच फुलल्या. रंगाबद्दल प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी फोटोसह कळवलं. कोणी नको म्हटलं नाही.

28 मे, बुधवार

दुसरा घाणाही शेडमध्येच झाला. दोन्ही मिळून 40 पाकिटं, प्रत्येक फेरीला 1,800 रुपये गाडीखर्च. मान्सून 26 तारखेलाच मुंबईत पोहोचला, आता थांबण्यात अर्थ नाही. 10 पाकिटं राहिली. त्यांचे पैसे परत केले, प्रत्येकाला आधी फोन करून, स्टॉकची खूण काढून. रात्री तपासलं, दुकानात सगळीकडे शून्य.

8 जून, रविवार: हिशोब

374 पाकिटं गेली, 210 रुपयांनी 78,540. पेटीतल्या कुरडयाही याच भावाने धरल्यात. वाया गेलेले धरून 18 घाणे. गहू 504 किलो, 17,136. बायकांची मजुरी रोज 400 प्रमाणे 36,000. गॅस 3,420. पाकिटं आणि खोके 5,236. कुरिअरचा फरक 3,024. शेडच्या फेऱ्या 3,600. सोऱ्या आणि कागद 2,750. लेबलं 340. एकूण 71,506. उरले 7,034, त्यात आई, मावशी, दादा आणि माझे तास धरलेले नाहीत. गेलेला दीड घाणा आणि कुरिअरचा फरक वाचला असता तर ही रक्कम जवळपास दुप्पट झाली असती.

मजुरी कमी करायचा विचार डोक्यात नाही. पहाटे साडेचारला चीक हाटणाऱ्या बाईचे 400 रुपये आधीच कमी आहेत. पुढच्या वर्षी भाव 240 करणार आणि कारण वर्णनात लिहिणार.

पुढच्या वर्षाची शीट आजच करून ठेवली, आठवण ताजी आहे तोवर. 'विकायचा आकडा' हा रकाना आता हाताने भरता येत नाही, तो असा निघतो: कागदांची संख्या भागिले चार, गुणिले त्या आठवड्यात पूर्ण होणारे घाणे, गुणिले 23, गुणिले 0.8. एप्रिलच्या मध्यानंतरच्या आठवड्यांना 0.8 ऐवजी 0.6. गहू किती आहे हा आकडा या शीटमध्ये कुठेच नाही. दुकानात एका वेळी दोनच आठवडे उघडे ठेवायचे, पहिल्या आठवड्याची पाकिटं चौथ्या रकान्यात आल्यावर तिसरा उघडायचा. फोनचा वाटा 50 वरून 80 केला, कारण तो 62 झाला होता आणि आईची वही पुढच्या वर्षीही असणारच.

मामाशी बोलून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून शेडचे दोन मजले आधीच धरून ठेवलेत. त्याच्या घरच्या कुरडया आपल्याकडून.

आईने सोऱ्याच्या चकत्या चिंचेने घासून, तेलाचं बोट फिरवून जुन्या सुती साडीत बांधून ठेवल्या. गच्चीवरची पाण्याची टाकी जिन्याच्या छतावर चढवायला प्लंबरला विचारलंय. 6,500 म्हणतोय. पाचवा कागद मावेल.